विश्लेषण : गावातल्या छोट्या कामाला निधी मिळतो कुठून? अर्ज अडतो कुठे?

अभ्यासिकेची खोली, शाळेतली स्वच्छतागृहे, वाडीवरची पाण्याची टाकी, स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता. दोन ते दहा लाख रुपयांत होऊ शकणारी ही कामे अनेक गावांत वर्षानुवर्षे प्रलंबित असतात. त्यासाठी निधी देणारे मार्गही बरेच आहेत. तरीही अर्ज परत येतात आणि बहुतेकदा तीनच प्रश्नांवर येतात : जागा कोणाच्या नावावर आहे, खर्चाचा आकडा कशावरून काढला आणि काम झाल्यावर ते सांभाळणार कोण? निधीचे मार्ग कोणते आणि या तीन प्रश्नांची उत्तरे अर्जाआधीच कशी तयार ठेवायची, याविषयी...

पहिला अर्ज कुठे करायचा?

ग्रामपंचायतीकडे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी पंचायतराज संस्थांना निधी दिला. महाराष्ट्रात त्यातील ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना, तर पंचायत समिती व जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के असे सूत्र ठरले. सोळाव्या वित्त आयोगाचा कालावधी १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे.

पंधराव्या आयोगाच्या निधीचे दोन भाग होते. ६० टक्के रक्कम ‘बंधित’, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच : निम्मी स्वच्छतेसाठी आणि निम्मी पिण्याचे पाणी, पाऊसपाणी संकलन व पाण्याच्या पुनर्वापरासाठी. उरलेली ४० टक्के ‘अबंधित’. ती गावाच्या गरजेनुसार वापरता येते, मात्र पगार व आस्थापनेवर नाही. त्यामुळे अभ्यासिकेसाठी बंधित निधीकडे बोट दाखवून उपयोग नसतो आणि गटारासाठी अबंधित निधी संपवणेही शहाणपणाचे नसते. कोणताही निधी मागताना त्याचे असे कप्पे आधी विचारून घ्यावेत.

याशिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित असते. अंगणवाडीची दुरुस्ती किंवा शाळेत उतरंडीचा रॅम्प अशी छोटी कामे यातून बसवता येतात.

ग्रामसभेत विषय कधी मांडावा?

वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायत विकास आराखड्यात असलेल्या कामावरच खर्च होतो. महाराष्ट्रात हा आराखडा ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमातून तयार होतो. पुढील वर्षाच्या आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. एप्रिलमध्ये ‘निधी आला का?’ असे विचारणाऱ्या मंडळाचे काम आराखड्यातच नसेल, तर पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते.

राज्यात आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा होते. पाणी, स्वच्छतागृह, अंगणवाडी असे विषय तिथे मांडून ठराव करून घेतल्यास पुढे त्यांना वजन येते. ठरावात कामाचे नाव, नेमकी जागा, अंदाजे रक्कम आणि सूचक-अनुमोदकांची नावे असावीत. ‘गावाचा विकास करण्यात यावा’ असा मोघम ठराव कोणत्याही टेबलावर उपयोगी पडत नाही. आराखड्यात कोणती कामे आहेत आणि किती खर्च झाला, हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचे नाव निवडून मोबाइलवरही पाहता येते.

आमदार-खासदार निधी मंडळाला थेट मिळतो का?

नाही. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात. राज्यात आमदारांसाठीची मर्यादाही २०२२ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनातील घोषणेनुसार ४ कोटींवरून ५ कोटी करण्यात आली. मात्र लोकप्रतिनिधी फक्त शिफारस करतात. काम नियमात बसते का, हे जिल्हा प्रशासन तपासते, मंजुरी देते आणि अंमलबजावणी यंत्रणा ठरवते. म्हणून आमदारांच्या कार्यालयातून पत्र मिळाले म्हणजे काम मंजूर झाले, असा समज करून घेऊ नये. पुढचा पाठपुरावा जिल्हाधिकारी कार्यालयातील जिल्हा नियोजन शाखेत करावा लागतो.

लोकसभेचे खासदार आपल्या मतदारसंघात, तर राज्यसभेचे निवडून आलेले खासदार संपूर्ण राज्यात कामे सुचवू शकतात. त्यामुळे राज्यसभा सदस्यांकडेही अर्ज करता येतो, हे अनेक मंडळांच्या लक्षात येत नाही. या निधीतून सार्वजनिक वापराची टिकाऊ मालमत्ता उभी राहावी, ही मुख्य अट आहे. धार्मिक स्थळांची कामे, खासगी मालमत्ता आणि दरवर्षीचा चालू खर्च यात बसत नाही. ज्या संस्थेत शिफारस करणारे खासदार किंवा त्यांचे कुटुंबीय पदाधिकारी आहेत, त्या संस्थेलाही लाभ देता येत नाही. खासदारांनी १५ टक्के निधीची कामे अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के निधीची कामे अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवणे अपेक्षित आहे. काम अशा वस्तीत असेल, तर तसा स्पष्ट उल्लेख करावा.

याच साखळीत जिल्हा वार्षिक योजना येते. पालकमंत्री अध्यक्ष असलेली जिल्हा नियोजन समिती तिचा आराखडा ठरवते. स्मशानभूमी आणि ग्रामपंचायत इमारत यांसारख्या कामांसाठी ‘जनसुविधा’, तर गावांतर्गत मूलभूत सुविधांसाठी ग्रामविकास विभागाचे ‘२५१५’ हे लेखाशीर्ष सरपंचांच्या तोंडी कायम असते. अर्ज करताना योजनेचे किंवा लेखाशीर्षाचे नाव अचूक लिहिल्यास कागद योग्य टेबलावर लवकर पोहोचतो.

शाळेसाठी आणि शहरांत वेगळा मार्ग आहे का?

आहे. सरकारी शाळांना समग्र शिक्षा योजनेतून पटसंख्येनुसार वार्षिक संयुक्त शाळा अनुदानाची तरतूद आहे. ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख रुपये असे टप्पे आहेत. रक्कम लहान असली तरी ती कशावर खर्च करायची, यात शाळा व्यवस्थापन समितीचा शब्द महत्त्वाचा असतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. नळदुरुस्तीसाठी देणगीदार शोधण्याआधी या समितीच्या बैठकीत जाणे सोपे आहे. दात्यांनी वस्तू किंवा सेवा देण्यासाठी केंद्राचे ‘विद्यांजली’ पोर्टलही आहे. तिथे शाळेने आपली गरज नोंदवायची असते.

शहरांत पुणे महापालिकेचे उदाहरण घेता येईल. तिथे २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांकडून कामे मागवण्याची पद्धत सुरू झाली. पदपथ, बाक, दिवे अशी प्रभागातली छोटी कामे क्षेत्रीय कार्यालयात अर्ज करून सुचवायची आणि ती पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी विचारात घ्यायची, अशी ही रचना आहे. इथेही अर्ज वेळेत गेला, तरच विचार होतो.

कंपन्यांचा सीएसआर निधी कोणाला मिळतो?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यापैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. हे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. त्यामुळे मुंबईतल्या बड्या समूहाला ई-मेल पाठवण्याआधी जवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्याचे गेट गाठावे. ज्या कंपनीची वार्षिक सीएसआर रक्कम ५० लाखांपर्यंत आहे, तिला वेगळी सीएसआर समितीही नेमावी लागत नाही. निर्णय थेट संचालक मंडळ घेते.

निधी संस्थेमार्फत खर्च होणार असेल तर अटी कडक आहेत. संस्था नोंदणीकृत हवी, तिच्याकडे प्राप्तिकर कायद्यातील १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा आणि १ एप्रिल २०२१ पासून केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे ‘सीएसआर-१’ फॉर्म भरून क्रमांक घेतलेला हवा. प्राप्तिकराच्या या नोंदण्यांना आता मुदत असते. ती संपली का, हे आधी तपासावे.

मग गणेशोत्सवापुरत्या एकत्र येणाऱ्या, नोंदणी नसलेल्या मंडळाने काय करायचे? सीएसआरमधून उभी राहणारी मालमत्ता सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावरही ठेवता येते. म्हणजे मंडळाने प्रस्ताव तयार करायचा, कंपनीने काम करून द्यायचे आणि खोली किंवा टाकी ग्रामपंचायतीच्या ताब्यात जाणार, अशी मांडणी करता येते. केवळ एका कामासाठी घाईने नवी संस्था काढण्यापेक्षा हा मार्ग बरा. नव्या संस्थेला तीन वर्षांचा अनुभव दाखवता येत नाही, शिवाय दरवर्षीचे लेखापरीक्षण मागे लागते ते वेगळेच.

परदेशातील गावकऱ्याने पैसे पाठवले तर?

इथे पासपोर्ट पाहावा लागतो. परदेशात राहणाऱ्या पण भारतीय नागरिकत्व असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी योगदान ठरत नाही. मात्र त्याच व्यक्तीने अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतले असेल, तर तिने भारतात येऊन रुपयांत दिलेली देणगीसुद्धा विदेशी योगदान ठरते. ओसीआय कार्ड असले तरी यात फरक पडत नाही. असे पैसे घेण्यासाठी संस्थेकडे विदेशी योगदान (नियमन) कायदा २०१० अंतर्गत, म्हणजे ‘एफसीआरए’ची नोंदणी किंवा त्या विशिष्ट देणगीसाठी पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते आणि एका संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. गावच्या मंडळाच्या खात्यावर किंवा एखाद्या सदस्याच्या यूपीआयवर अशी रक्कम मागवणे महागात पडू शकते.

जागेचा कागद कोणता लागतो?

अर्ज सर्वाधिक अडतात ते इथेच. जागा ग्रामपंचायतीची असल्याचे सगळे गाव सांगते, पण सातबारा उतारा किंवा गावठाणातील नमुना ८ पाहिला की नाव भलत्याचेच निघते. एखाद्या शेतकऱ्याने मोठ्या मनाने दोन गुंठे दिलेले असतात, पण ते शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर. स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवल्याशिवाय मालकी बदलत नाही. त्यानंतर फेरफार होऊन उताऱ्यावर नाव यावे लागते. नाहीतर देणारा गेल्यावर त्याचे वारस त्याच खोलीला कुलूप लावू शकतात आणि सार्वजनिक पैशातून बांधलेली खोली खासगी होते.

गायरान ही शासनाची जमीन आहे. तिच्यावर बांधकाम करायचे तर ग्रामसभेचा ठराव पुरत नाही, महसूल विभागाची परवानगी घ्यावी लागते. शाळेच्या आवारात काम करायचे असेल तर शाळा चालवणाऱ्या जिल्हा परिषदेचे किंवा संस्थेचे ना-हरकत पत्र हवे. जागेचा कागद हाती येण्यास काही महिने लागू शकतात. म्हणून निधीच्या शोधाआधी हे काम सुरू करावे.

संस्थेच्या बाबतीतही असाच जुना कागद नडतो. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदीत अजून संस्थापक मंडळींचीच नावे असतात, त्यातील काही हयातही नसतात. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज देणे अपेक्षित असते. तो दिला नसेल, तर अर्जावर सही करणाऱ्याला अधिकार आहे की नाही, हाच प्रश्न उभा राहतो.

खर्चाचा आकडा कसा ठरवायचा?

‘साधारण पाच लाख लागतील’ हे चालत नाही. सरकारी निधीसाठी शाखा अभियंत्याने चालू दरसूचीनुसार केलेले अंदाजपत्रक लागते. पुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा किंवा दरपत्रके, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंद आणि मग देयक, असा प्रवास असतो. पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात जाऊन जागेची पाहणी करून घ्यावी. कंपनी किंवा खासगी दाता असेल तर तीन पुरवठादारांची दरपत्रके जोडावीत. त्यात पदाधिकाऱ्याच्या नातेवाइकाचे दुकान असेल तर ते लपवू नये. पुढे लेखापरीक्षणात ते निघतेच.

अंदाजपत्रकात जीएसटी, वीजजोडणी, वाहतूक हे खर्च राहून जातात आणि काम छतापर्यंत येऊन थांबते. गावाचा वाटाही आकड्यांत लिहावा. जलजीवन मिशनमध्ये गावांतर्गत योजनेच्या भांडवली खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी अपेक्षित आहे. डोंगराळ व वनक्षेत्रात आणि अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत ती ५ टक्के आहे. आदर्श गाव योजनेत तर श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी ही सूत्रे गावाने आधी स्वीकारायची, असा दंडक राहिला आहे. हिवरे बाजारचे नाव राज्यभर झाले ते याच वाटेने. गावाने स्वतः काही घातले आहे का, हे दाता पाहतोच. पायाखोदाईचे श्रमदान किंवा मिळालेली वाळू-विटा यांचीही किंमत काढून ती मांडावी.

काम झाल्यावर सांभाळणार कोण?

बहुतेक निधी बांधकामाला मिळतो, चालवायला मिळत नाही. टाकी होते, पण मोटार जळाल्यावर दुरुस्तीला पैसे नसतात. व्यायामशाळा होते, पण किल्ली कोणाकडे यावरून वाद होतो. म्हणून अर्जातच देखभालीचे गणित द्यावे. समजा, अभ्यासिकेचे वीजबिल व इंटरनेट मिळून महिना दीड हजार आणि झाडलोट एक हजार, म्हणजे वर्षाला ३० हजार रुपये. ६० विद्यार्थ्यांनी महिना ५० रुपये दहा महिने दिले, तर नेमके ३० हजार जमतात. पण त्यात दुरुस्तीला एक रुपयाही उरत नाही आणि दहा मुले शुल्क भरू शकली नाहीत तर पाच हजारांची तूट येते. ती ग्रामपंचायत भरणार असेल, तर तसा ठराव जोडावा. एवढे अर्धे पान जोडलेला अर्ज वेगळा उठून दिसतो.

अर्जात काय लिहावे?

दोन पाने पुरतात. पहिल्या परिच्छेदात गरज आकड्यांत यावी. ‘विद्यार्थ्यांची मोठी गैरसोय होते’ यापेक्षा ‘गावातील ४२ विद्यार्थी अभ्यासासाठी रोज ११ किलोमीटरवरील तालुक्याला जातात, शेवटची एसटी संध्याकाळी सहाला आहे’ असे वाक्य जास्त काम करते. हे आकडे खरे आणि घरोघरी विचारून काढलेले असावेत. त्यानंतर जागा, काम, खर्च, गावाचा वाटा, कालावधी, देखभाल आणि संपर्कासाठी दोन व्यक्ती. सोबत ठराव, जागेचा उतारा, अंदाजपत्रक, जागेची छायाचित्रे. संस्था असेल तर नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक.

एकाच कामासाठी अनेक ठिकाणी अर्ज करणे गैर नाही, पण तसे प्रत्येक अर्जात लिहावे. एकाच भिंतीचे बिल दोन निधींतून दाखवणे हा गैरव्यवहार ठरतो. खोली एका निधीतून आणि फर्निचर दुसऱ्यातून, अशी विभागणी मात्र करता येते. ‘अनुदान मंजूर करून देतो, आधी दहा टक्के द्या’ म्हणणाऱ्या मध्यस्थापासून लांब राहावे. आमदार-खासदार निधीसाठी काम सुचवायला कोणतेही शुल्क नाही.

पैसे आल्यानंतर आणि न आल्यास काय?

पैसे आल्यावर स्वतंत्र बँक खाते, प्रत्येक खर्चाची पावती आणि कामाआधी, चालू असताना व पूर्ण झाल्यावरची छायाचित्रे ठेवावीत. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. केंद्राच्या अनुदानासाठी ‘जीएफआर १२-ए’ हा नमुना असून आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत तो देणे अपेक्षित असते. हे प्रमाणपत्र थकले की पुढचा हप्ता अडतो, त्या संस्थेच्या पुढच्या अर्जाकडेही संशयाने पाहिले जाते. सरकारी निधीला मुदतही असते. जिल्हा परिषदेला मिळालेला निधी साधारण दोन वर्षांत खर्च करावा लागतो, अन्यथा तो परत जातो. त्यामुळे जागेचे कागद आणि अंदाजपत्रक तयार असलेले गाव मार्चअखेरीस पुढे सरकते.

अर्जाची पोच, तारीख आणि आवक क्रमांक नेहमी घ्यावा. उत्तर आले नाही, तर माहितीचा अधिकार कायदा २००५ नुसार ‘आमचा अर्ज सध्या कोणत्या टेबलावर आहे, कोणत्या त्रुटी नोंदवल्या आहेत आणि यंदा या लेखाशीर्षातून कोणती कामे मंजूर झाली’ असे तीन नेमके प्रश्न विचारता येतात. त्यावर ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हे उत्तर हाती आले की त्रुटी दूर करता येतात आणि तोच अर्ज पुढील ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी पुन्हा दाखल करता येतो.